२९६ मतांचा धडा : जालना मतदारसंघाचा इतिहास आम्ही कसा वाचावा?

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत दोन प्रकारची माणसे येतात. हरलेल्या बाजूचा माणूस म्हणतो, "तुम्ही मते फोडली म्हणून आमचा माणूस पडला." जिंकलेल्या बाजूचा माणूस हसत सांगतो, "तुमच्या मतांशिवायही आम्ही निवडून येतो." दोघेही आमच्याशी बोलत असतात, पण बोलणे आमच्याबद्दल नसते. ते असते आमच्या मतांच्या बेरजेबद्दल. या दोघांना उत्तर द्यायचे तर चिडून उपयोग नाही. त्यासाठी जालन्याच्या मतदानाचा इतिहास माहीत असावा लागतो. आमच्या तरुणांना पुणे करार पाठ असतो, पण आपल्याच मतदारसंघात कोण, कधी आणि किती मतांनी निवडून आले हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून हा लेख.

मत मिळाले तेव्हा

बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३२ चा पुणे करार झाला, १९३७ ला मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार विधिमंडळात पोचले. हा सगळा इतिहास आम्ही 'आपला' म्हणून सांगतो आणि तो आपलाच आहे. पण एक गोष्ट विसरतो. त्या वेळी जालना मुंबई प्रांतात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुणे कराराच्या राखीव जागा ब्रिटिश प्रांतांच्या कायदेमंडळांसाठी होत्या. मराठवाड्यातल्या महार-मांगांना त्या करारातून एकही जागा मिळाली नाही आणि एकही मत मिळाले नाही.

म्हणजे इथली चळवळ मतपेटीच्या आधीची आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, कन्नडजवळच्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे बोलले. जालना तेव्हा याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या परिषदेला आलेल्या माणसांच्या हातात मत नव्हते. तरी ती माणसे बैलगाडीने, पायी आली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि १९५२ साली आमच्या आज्या-पणज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिले. मुंबई प्रांतात मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींतून हळूहळू मताधिकार वाढत गेला. जालन्यात तो एका दिवसात, बायाबापड्यांसह सगळ्यांना मिळाला. तो संविधानाने दिला, कुणा पाटील-देशमुखाने नाही. 'आम्ही तुम्हाला दिले' असे सांगणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवले पाहिजे.

यादी वाचा

१९५२ ला या भागातली लोकसभेची जागा अंबड नावाची होती. काँग्रेसचे हनुमंतराव वैष्णव निवडून आले. १९५७ ला जालना मतदारसंघातून काँग्रेसचे सैफ तय्यबजी आले. त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. नंतर पुन्हा काँग्रेस. १९७१ ला बाबूराव काळे, १९७७ ला जनता लाटेत पुंडलिक हरी दानवे, १९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे बाळासाहेब पवार, १९८९ ला भाजपकडून पुन्हा पुंडलिक हरी दानवे, १९९१ ला काँग्रेसचे अंकुशराव टोपे. १९९६ आणि १९९८ ला भाजपचे उत्तमसिंह पवार. मग १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा रावसाहेब दानवे. २०२४ ला काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे.

ही यादी एकदा मोठ्याने वाचा. सत्तर वर्षांहून अधिक काळ, काँग्रेस, शेकाप, जनता पक्ष, भाजप असे पक्ष बदलले. या यादीत एकही बाई नाही. एकही बौद्ध नाही. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती सुमारे १४ टक्के आहेत, म्हणजे दर सात माणसांमागे एक. पण जागा खुली आहे आणि खुली म्हणजे सगळ्यांसाठी असे कायदा म्हणतो. व्यवहारात खुल्या जागेचा अर्थ काय होतो, हे या यादीने सत्तर वर्षे दाखवले आहे.

कुणी म्हणेल, तुम्हाला राखीव जागा आहेत ना! तर त्याचाही इतिहास ऐका. १४ ऑक्टोबर १९५६ ला आम्ही बौद्ध झालो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. त्यामुळे उघडपणे धर्मांतर केलेला माणूस राखीव जागेवर उभा राहायला अपात्र ठरत होता. नागपूरच्या डी. पी. मेश्राम यांची १९६२ ची निवडणूक याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत असा निकाल लागला. ही कोंडी १९९० साली कायदा बदलेपर्यंत टिकली. चौतीस वर्षे! ज्या समाजाने राजकीय हक्कांसाठी सर्वांत मोठी लढाई दिली, त्यालाच धम्म स्वीकारल्याची किंमत म्हणून राखीव जागांबाहेर ठेवले गेले. रिपब्लिकन पक्ष का वाढला नाही, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी गटबाजीबद्दल जरूर बोलावे, आम्हीही बोलतो. पण ही चौतीस वर्षे हिशेबातून गाळू नयेत.

लाट कुणाची, घरे कुणाची

१९७७ ला आणीबाणीविरोधी लाटेत मराठवाड्यात बदल झाला. लोकशाही परत आली असे सगळे म्हणत होते. दुसऱ्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्या माणसांनी प्राण दिले. ठराव एकमताने झालेला होता, पण अंमलबजावणीला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामांतर नव्हे तर नामविस्तार म्हणून. या सोळा वर्षांत राज्यात अनेक मुख्यमंत्री आले, जालन्यातून वेगवेगळ्या पक्षांचे खासदार दिल्लीला गेले. ठराव मात्र कागदावरच राहिला.

याच काळात, १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेना मराठवाड्यात शिरली. १९८८ ची औरंगाबाद महापालिका निवडणूक हे तिचे पहिले मोठे यश. 'रिडल्स'च्या वादात आणि नामांतराच्या विरोधात तिची भूमिका काय होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. १९९० ला जालना विधानसभेवर शिवसेनेचे अर्जुन खोतकर निवडून आले. तिथून जालना शहराच्या राजकारणाचा आजचा अध्याय सुरू होतो.

पस्तीस वर्षांची अदलाबदल

जालना विधानसभा म्हणजे मुख्यतः शहर. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी, स्टीलच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या, आणि त्या मिलमध्ये भट्टीसमोर उभा राहणारा, हमाली करणारा, रिक्षा चालवणारा दलित-मुस्लिम कामगार. 'जालना सोन्याचा पाळणा' म्हणतात. पाळण्यात कोण झोपले आणि पाळणा कुणी हलवला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

निकाल पाहा. १९९० आणि १९९५ ला खोतकर. १९९९ ला काँग्रेसचे कैलास गोरंट्याल. २००४ ला खोतकर. २००९ ला गोरंट्याल. २०१४ ला खोतकर. २०१९ ला गोरंट्याल. २०२४ ला खोतकर, आता शिंदे यांच्या शिवसेनेकडून. आठ निवडणुका आणि दोनच नावे. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितले गेले की एक बाजू जातीयवादी आहे आणि दुसरी धर्मनिरपेक्ष, तेव्हा मत वाया घालवू नका. आमच्या वस्त्यांनी आणि मुस्लिम मोहल्ल्यांनी ते अनेकदा ऐकले. काही वेळा निकाल त्यामुळेच फिरला.

आणि २०२५ मध्ये गोरंट्याल भाजपमध्ये गेले. म्हणजे ज्या दोघांपैकी एकाला निवडणे हीच पंचवीस वर्षे आमची 'लोकशाही' होती, ते दोघेही आज एकाच महायुतीत आहेत. आम्ही व्यक्तींवर चिखलफेक करत नाही, पक्ष बदलणे हा त्यांचा अधिकार असेल. आमचा सवाल वेगळा आहे. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने दिलेली आमची मते त्यांच्याबरोबर कुठे गेली? ती आम्हाला विचारून गेली का? याआधीही उलटे उदाहरण घडलेच होते. भाजपचे दोन वेळचे खासदार उत्तमसिंह पवार पुढे काँग्रेसमध्ये आले आणि २००९ ला औरंगाबादमधून काँग्रेसचे उमेदवार झाले. प्रस्थापितांसाठी पक्ष म्हणजे एसटीचा थांबा. वैचारिक निष्ठेचे ओझे मात्र आमच्या डोक्यावर.

२९६

आता २०१४ ची गोष्ट. २५ सप्टेंबर २०१४ ला राज्यात युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या. २७ सप्टेंबरला दुपारी ३ पर्यंत अर्ज भरायचे होते. जालन्यात बहुरंगी लढत झाली. खोतकरांना ४५,०७८ मते, गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक २९६. बहुजन समाज पक्षाने मुस्लिम उमेदवार दिला होता. त्याला तीस हजारांहून अधिक मते पडली. भाजपच्या उमेदवारालाही तीस हजारांहून अधिक पडली.

निकालानंतर आम्हाला काय ऐकावे लागले? 'हत्तीने काँग्रेस पाडली.' पण त्याच निवडणुकीत भाजपने शिवसेनेची मते घेतली, तेव्हा भाजपला कुणी 'वोट कटवा' म्हटले नाही. त्यांनी वेगळे लढले की ती ताकद आजमावणे, आम्ही वेगळे लढलो की ती गद्दारी. हा न्याय कोणता?

२९६ ची गोष्ट इथे संपत नाही. खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला असा आक्षेप घेऊन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दोन याचिका झाल्या. एक पराभूत उमेदवाराची आणि दुसरी मतदारसंघातल्या एका मतदाराची. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. त्याला साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवे होते. मागूनही ते अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. २४ नोव्हेंबर २०१७ ला उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अंतिम निकाल आला १४ जुलै २०२० ला. अपील फेटाळले गेले, निवडणूक रद्दच ठरली. पण तोवर २०१४ च्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती!

हा खटला आज देशभर डिजिटल पुराव्याच्या कायद्यासाठी वाचला जातो. वकिली शिकणाऱ्या आमच्या मुलांनी तो वाचावाच. पण कार्यकर्त्यांसाठी त्यात दोन धडे आहेत. पहिला: लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निकालानंतर ४५ दिवसांत साधा मतदारही निवडणूक याचिका दाखल करू शकतो. त्यासाठी आमदारकीचा उमेदवार असावे लागत नाही. दुसरा: न्याय मिळाला तरी तो वेळेवर मिळाला नाही तर सत्ता भोगणारा भोगून मोकळा होतो. म्हणून न्यायालय हा शेवटचा दरवाजा आहे, पहिला नाही. पहिला दरवाजा मतदान केंद्र.

'वोट कटवा'चे गणित

आता लोकसभेचे आकडे घेऊ. २००९ ला दानवे आणि काळे यांच्यात फरक फक्त ८,४८२ मतांचा होता. २०१९ ला दानवेंना सुमारे ६ लाख ९८ हजार, काँग्रेसच्या विलास औताडे यांना सुमारे ३ लाख ६५ हजार आणि वंचित बहुजन आघाडीला सुमारे ७७ हजार मते मिळाली. वंचितची सगळी मते काँग्रेसच्या पारड्यात टाकली तरी काँग्रेस अडीच लाखांनी मागे राहते. तरीही जालन्याच्या चौकाचौकात 'वंचितमुळे भाजप आली' हे वाक्य वर्षभर फिरत होते. आकडे कुणी पाहिलेच नाहीत.

२०२४ ला काळे यांना सुमारे ६ लाख ७ हजार, दानवेंना सुमारे ४ लाख ९७ हजार, अपक्ष मंगेश साबळे यांना दीड लाखांहून अधिक आणि वंचितला सुमारे ३७ हजार मते मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, त्याचा परिणाम या मतदानात दिसला. दुसरीकडे 'संविधान बदलणार' या भीतीने आमच्या वस्त्यांनी एकगठ्ठा काँग्रेसला मत दिले. वंचितची मते निम्म्यावर आली ती याचमुळे. पंचवीस वर्षांचा गड कोसळला. श्रेय कुणाला मिळाले? सगळी चर्चा मराठा-ओबीसी समीकरणाची झाली. संविधानासाठी दिलेले मत कुणाच्याच विश्लेषणात आले नाही.

आणि सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर, भोकरदन या जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीने जिंकल्या. मे महिन्यातली 'संविधान वाचवणारी' आघाडी नोव्हेंबरपर्यंत कुठे होती? निवडणूक झाल्यावर वस्तीत कोण आले? गायरान जमिनींच्या पट्ट्यांवर कोण बोलले? १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आहे, पण दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाला सहा दशके उलटून गेली तरी गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा होण्यासाठी अजूनही तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मत संविधानाच्या नावाने मागायचे आणि संविधानाने दिलेले हक्क मागितले की तोंड फिरवायचे, हे फार काळ चालणार नाही.

बदनापूरचा प्रश्न

जिल्ह्यात एक राखीव विधानसभा आहे, बदनापूर. २००८ च्या पुनर्रचनेनंतर ती अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. २००९ ला शिवसेनेचे संतोष सांबरे, २०१४, २०१९ आणि २०२४ ला भाजपचे नारायण कुचे. आंबेडकरी पक्षाचा उमेदवार एकदाही नाही. हे कसे होते? उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण त्याला निवडणारे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे असतात. म्हणून मोठा पक्ष असाच उमेदवार देतो जो त्या बहुसंख्येला चालेल, म्हणजे प्रश्न न विचारणारा. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले ते नेमके याच भीतीने. १९५२ ला स्वतः बाबासाहेब उत्तर मुंबईत हरले, तेही राखीव जागेवर, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून. ज्याला बाबासाहेबांचा पराभव कळला त्याला बदनापूर कळेल.

पण इथे आम्ही स्वतःलाही प्रश्न विचारतो. बौद्ध, मातंग, चर्मकार एकत्र बसून एक उमेदवार ठरवला असे कधी झाले? एका जागेसाठी रिपब्लिकनचे चार गट, वंचित, बसपा असे सगळे अर्ज भरतात आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी काय होते ते वस्तीला माहीत आहे. १९९८ ला रिपब्लिकन नेते एकत्र आले, काँग्रेसशी बरोबरीने बोलले, तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले. खुल्या! ऐक्य टिकले नाही. पण ते अशक्य नव्हते, हे त्या निकालाने सिद्ध केले. आमच्या फुटीचा दोष सगळा प्रस्थापितांवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

मग करायचे काय?

आम्ही कुणाला मत द्या असे सांगायला बसलो नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की मत देण्याआधी आणि दिल्यानंतर हिशेब ठेवा.

एक, निकालानंतर निवडणूक आयोग केंद्रनिहाय मते 'फॉर्म २०' मध्ये जाहीर करतो. आपल्या वस्तीच्या केंद्राचा तो कागद काढा आणि मागच्या तीन निवडणुकांशी ताडून पाहा. मग 'तुमची मते फुटली' म्हणणाऱ्यापुढे तो ठेवा.

दोन, मतदार यादी. नाव गाळले गेले की मत गेले. नवीन नावासाठी फॉर्म ६, दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी फॉर्म ८. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराचे, लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेचे नाव यादीत आहे का, हे विहाराच्या रविवारच्या वंदनेनंतर पाहायला अर्धा तास पुरतो. मंठा, परतूर, अंबडकडचे आमचे लोक ऊसतोडीला जातात आणि विधानसभेचे मतदान नेमके दिवाळीच्या आगेमागे, कोयता निघण्याच्या तोंडावर येते. त्यांची यादी वेगळी करा.

तीन, पाठिंबा लेखी द्या आणि लेखी घ्या. गायरान, शिष्यवृत्ती, वसतिगृह, मिलमधल्या कामगारांची सुरक्षा, अत्याचाराच्या खटल्यांचा पाठपुरावा. पाच मुद्द्यांचा कागद, त्यावर उमेदवाराची सही आणि वर्षाने वस्तीत जाहीर सभा. सही न करणाऱ्याला आमचे मत गृहीत धरता येणार नाही.

२९६ हा आकडा लक्षात ठेवा. जालन्यात एका गल्लीत त्याहून जास्त मते असतात. ज्या शहराचा आमदार एका गल्लीच्या मतांवर ठरू शकतो, त्या शहरात आम्ही दुबळे नाही. पण २९६ मते कुणाला तरी पाडायला पुरतात, आपले राज्य आणायला पुरत नाहीत. पाडण्याच्या ताकदीवर समाधान मानून आम्ही तीस-पस्तीस वर्षे घालवली. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य येईल, पण समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता राहील. जालन्याच्या मतदानाचा इतिहास म्हणजे त्या इशाऱ्याचा जिल्हा पातळीवरचा पुरावा आहे. मत आम्हाला मिळाले. त्याचे मूल्य अजून वसूल करायचे आहे, आणि ते वसूल करायला दुसरा कुणी येणार नाही.

जय भीम! जय संविधान!